विद्यापीठ लहान की मोठे? : एका फसव्या वादाचा पर्दाफाश

कर्नाटकात २०२२-२३ मध्ये त्या वेळच्या भारतीय जनता पक्षाच्या सरकारने बीदर, बागलकोट, हावेरी, कोप्पळ, हासन, कोडगू आणि चामराजनगर या सात जिल्ह्यांसाठी सात नवी सरकारी विद्यापीठे स्थापन केली. मोठी विद्यापीठे अवाढव्य झाली आहेत, विद्यार्थ्याच्या दारी विद्यापीठ गेले पाहिजे, असे त्या वेळी सांगण्यात आले. दोन वर्षे उलटतात न उलटतात तोच, फेब्रुवारी २०२५ मध्ये, सत्तेवर आलेल्या काँग्रेस सरकारच्या मंत्रिमंडळ उपसमितीने अलीकडे स्थापन झालेल्या विद्यापीठांपैकी नऊ बंद करून त्यांचा कारभार पुन्हा मूळच्या मोठ्या विद्यापीठांत विलीन करावा, असा कौल दिला. वरील सातांपैकी एकटे बीदर तेवढे या कुऱ्हाडीतून वगळण्यात आले. आता युक्तिवाद नेमका उलटा होता. लहान विद्यापीठे आर्थिकदृष्ट्या परवडत नाहीत, त्यांच्याकडे जमीन नाही, इमारती नाहीत, शिक्षक नाहीत, असे सांगण्यात आले.

एका सरकारने लहानपणाचे गोडवे गायले, दुसऱ्याने मोठेपणाचे. वृत्तपत्रांतून आणि शिक्षणतज्ज्ञांच्या परिसंवादांतून यावर वाद झडला. कोणी विकेंद्रीकरणाची बाजू घेतली, कोणी गुणवत्तेची. परंतु या संपूर्ण वादात एक साधा प्रश्न कोणी विचारला नाही. या विद्यापीठांना जमीन, इमारती आणि शिक्षक देणे ज्यांचे कर्तव्य होते त्यांनी ते का दिले नाहीत? मूल जन्माला घालून त्याला उपाशी ठेवायचे आणि पुढे ते अशक्त आहे म्हणून त्याचे नाव शिधापत्रिकेवरून कमी करायचे, अशातला हा प्रकार आहे. पहिल्या सरकारने उपाशी ठेवले, दुसऱ्याने नाव कमी करण्याची तयारी केली. दोघांच्या धोरणात फरक दिसतो तो घोषणांचा. तिजोरीच्या बाबतीत दोघांचे एकमत आहे.

हा प्रश्न केवळ कानडी मुलखाचा नाही. बीदर जिल्ह्यात भालकी, औराद, बसवकल्याण या भागांत मराठी भाषक कष्टकऱ्यांची मोठी वस्ती आहे. बागलकोटचे विद्यापीठ ज्यातून वेगळे काढले ते राणी चन्नम्मा विद्यापीठ बेळगावचे आहे. महाराष्ट्रात तर याच वादाची दुसरी आवृत्ती समूह विद्यापीठे, स्वायत्त महाविद्यालये आणि विभाजनाच्या मागण्या यांच्या रूपाने चालू आहे. बारावीचा निकाल लागल्यावर दरवर्षी लाखो कामगार, शेतकरी आणि कारकुनांच्या घरांत हाच प्रश्न विचारला जातो: मुलाला किंवा मुलीला जवळच्या लहान विद्यापीठात घालावे की दूरच्या मोठ्या? म्हणून या वादाची वर्गीय चिकित्सा करणे अगत्याचे झाले आहे.

वसाहतवादी साचा

प्रथम इतिहास ध्यानात घेतला पाहिजे. १८५४ च्या वुड खलित्यानुसार १८५७ मध्ये कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे जी विद्यापीठे स्थापन झाली, ती त्या काळच्या लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर होती. ती शिकवत नसत. शिकवणे महाविद्यालयांकडे, विद्यापीठाकडे केवळ परीक्षा आणि पदवीदान. परकीय राज्यकर्त्यांना अल्प खर्चात कारकून आणि दुय्यम अधिकारी हवे होते; ज्ञाननिर्मितीवर पैसा खर्च करण्याचे त्यांना काहीच प्रयोजन नव्हते. संलग्नतेच्या पद्धतीचा उगम या काटकसरीत आहे.

कलकत्ता विद्यापीठाचा डोलारा अनावर झाला तेव्हा १९१७ ते १९१९ या काळात सॅडलर आयोगाने त्याची चौकशी केली आणि एकाच ठिकाणी शिकवणाऱ्या, विद्यार्थ्यांच्या निवासाची सोय असणाऱ्या विद्यापीठांची शिफारस केली. १९२१ मध्ये सुरू झालेले ढाका विद्यापीठ हे या विचाराचे फळ. स्वातंत्र्यानंतर १९४९ मध्ये बडोद्याचे महाराजा सयाजीराव विद्यापीठही संलग्न महाविद्यालयांचे जाळे न बाळगणारे, स्वतः शिकवणारे विद्यापीठ म्हणून उभे राहिले. त्याची विद्यार्थिसंख्या लहान म्हणता येणार नाही. म्हणजे मोठे विद्यापीठ हे अपरिहार्यपणे परीक्षेचा कारखानाच असते, हे म्हणणे इतिहासाला धरून नाही. मात्र बहुतेक राज्यांत वसाहतवादी साचाच कायम राहिला, कारण स्वतंत्र भारताच्या सत्ताधारी वर्गालाही तोच स्वस्त वाटला.

या साच्यातील लोकशाहीच्या अभावावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२७ मध्येच बोट ठेवले होते. मुंबई विधान परिषदेत मुंबई विद्यापीठ कायद्याच्या दुरुस्ती विधेयकावर बोलताना त्यांनी मागासलेल्या वर्गांना सिनेटवर प्रतिनिधित्व मिळाले पाहिजे, ही मागणी लावून धरली. विद्यापीठ कोणाच्या हातात आहे आणि ते कोणासाठी चालते, हा प्रश्न त्यांनी मध्यवर्ती मानला. आजच्या वादात नेमका हाच प्रश्न गुंडाळून ठेवण्यात आला आहे.

मोठेपणाच्या पुरस्कर्त्यांना उत्तर

२०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने मोठेपणाचा जाहीर पुरस्कार केला. २०४० पर्यंत उच्च शिक्षणाच्या सर्व संस्था बहुविद्याशाखीय व्हाव्यात आणि प्रत्येकीत तीन हजार किंवा त्याहून अधिक विद्यार्थी असावेत, असे उद्दिष्ट त्यात नोंदवले आहे. वरवर पाहता यात आक्षेप घेण्याजोगे काही दिसत नाही. अनेक विषय एकाच आवारात शिकता यावेत, मोठे ग्रंथालय असावे, सुसज्ज प्रयोगशाळा असाव्यात, हे कोणाला नको आहे?

परंतु या उद्दिष्टाशेजारी वस्तुस्थिती ठेवून पाहावी. २०१८-१९ च्या अखिल भारतीय उच्च शिक्षण सर्वेक्षणानुसार देशातील केवळ ४ टक्के महाविद्यालयांत तीन हजारांहून अधिक विद्यार्थी होते. १६.३ टक्के महाविद्यालयांत तर शंभरही विद्यार्थी नव्हते. सुमारे ६० टक्के महाविद्यालये ग्रामीण भागात होती. तेव्हा तीन हजारांची मोजपट्टी लावली तर काय होईल हे सांगायला ज्योतिषी नको. लहान महाविद्यालय मोठे करायचे तर वर्गखोल्या, वसतिगृहे आणि शिक्षकांची पदे वाढवावी लागतात. त्याला पैसा लागतो. पैसा न देता मोठे करायचे तर एकच मार्ग उरतो. तो म्हणजे दोन-चार संस्था एकत्र करणे आणि उरलेल्या बंद पडू देणे. विलीनीकरण हा शब्द ऐकायला सौम्य आहे; तालुक्याच्या गावातील शेतमजुराच्या मुलीसाठी त्याचा अर्थ शिक्षणाचा शेवट असा होतो. पाच किलोमीटरवरचे महाविद्यालय चाळीस किलोमीटरवर गेले की पहिली घरी बसते ती तीच.

मोठेपणाचे पुरस्कर्ते व्यवहार्यतेची भाषा वापरतात. व्यवहार्यता ही दुकानाची परिभाषा आहे. कोणते सार्वजनिक विद्यापीठ आजवर शुल्कावर चालले? धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाच्या पदव्युत्तर केंद्रातून १९८० मध्ये गुलबर्गा विद्यापीठ निर्माण झाले, बेळगावच्या केंद्रातून २०१० मध्ये राणी चन्नम्मा विद्यापीठ झाले. महाराष्ट्रात १९६२ मध्ये कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठ झाले आणि त्याच्या कार्यक्षेत्रातून २००४ मध्ये सोलापूर हे एकाच जिल्ह्याचे विद्यापीठ वेगळे निघाले. गिरणी कामगार आणि यंत्रमाग कामगारांच्या त्या शहरातील विद्यार्थ्याला कोल्हापूरच्या खेपा घालाव्या लागत होत्या, त्या वाचल्या. यांपैकी एकही विद्यापीठ पहिल्या दिवशी व्यवहार्य नव्हते. विद्यापीठ उभे राहते ते वर्षानुवर्षांच्या सार्वजनिक गुंतवणुकीवर. त्या तुलनेत कर्नाटकातील नव्या विद्यापीठांना काय मिळाले? जुन्या पदव्युत्तर केंद्राच्या इमारतीवर नवा फलक आणि एक कुलगुरू. अशा संस्थेला दोन वर्षांनी व्यवहार्यतेच्या परीक्षेला बसवणे म्हणजे निकाल आधी लिहून प्रश्नपत्रिका नंतर काढणे होय.

लहानपणाच्या पुरस्कर्त्यांना उत्तर

दुसऱ्या बाजूचे पंडितही तितकेच फसवे आहेत. मोठी संलग्नक विद्यापीठे मोडून काढा, महाविद्यालयांना स्वायत्तता द्या, लहान लहान विद्यापीठे करा, म्हणजे गुणवत्ता आपोआप वाढेल, असे ते सांगतात. त्यासाठी मुंबई विद्यापीठातील २०१७ च्या गोंधळाचा दाखला हमखास दिला जातो. त्या वर्षी उन्हाळी परीक्षेच्या लाखो उत्तरपत्रिका संगणकाच्या पडद्यावर तपासण्याची पद्धत पूर्वतयारीविना लादण्यात आली. कायद्याने घालून दिलेली ४५ दिवसांची मर्यादा उलटली, निकाल महिनोन्महिने रखडले, विद्यार्थ्यांचे पुढील प्रवेश धोक्यात आले आणि अखेर ऑक्टोबर २०१७ मध्ये कुलगुरूंना पदावरून दूर करावे लागले.

या गोंधळाचे कारण विद्यार्थ्यांची संख्या होती काय? इतकेच विद्यार्थी आदल्या वर्षीही होते आणि निकाल लागत होते. घाईने आणलेले यंत्र, प्राध्यापकांशी न झालेला विचारविनिमय आणि एका व्यक्तीच्या हाती एकवटलेली सत्ता ही त्याची कारणे होती. निर्वाचित मंडळांना डावलून निर्णय घेण्याची रीत लहान विद्यापीठातही तेवढाच अनर्थ करील. फरक इतकाच की त्याची बातमी मुंबईच्या दैनिकांत येणार नाही.

संलग्नता पद्धतीचे दोष कोणी नाकारत नाही. सिंधुदुर्गातील विद्यार्थ्याचे विद्यापीठ पाचशे किलोमीटरवर मुंबईत असावे, हे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय नाही. परंतु या पद्धतीची एक बाजू तिचे टीकाकार जाणूनबुजून झाकतात. आडगावच्या महाविद्यालयात शिकलेला आदिवासी विद्यार्थी आणि शहरातल्या नामांकित महाविद्यालयात शिकलेला कारखानदाराचा मुलगा एकाच प्रश्नपत्रिकेला बसतात आणि दोघांच्या पदवीवर एकाच विद्यापीठाची मोहोर उमटते. ही समता अपुरी आहे, पुष्कळ अंशी कागदी आहे; तरीही ती आहे. प्रत्येक महाविद्यालयाला स्वतःची पदवी देण्याचा अधिकार मिळाला की ती कागदी समताही संपते. मग श्रीमंत वस्तीतील महाविद्यालयाची पदवी एका भावाने विकली जाईल आणि दुष्काळी तालुक्यातील महाविद्यालयाची पदवी कोणी विचारणार नाही. २०२० च्या धोरणात संलग्नता पंधरा वर्षांत टप्प्याटप्प्याने संपवून पदवी देणारी स्वायत्त महाविद्यालये निर्माण करण्याची जी योजना आहे, तिचा परिणाम याच दिशेने होणार आहे. १९८६ च्या धोरणाने स्वायत्त महाविद्यालयांचा रस्ता रुंद केला. २०२० च्या धोरणाने तोच महामार्ग ठरवला.

महाराष्ट्रातील समूह विद्यापीठांचा अनुभव या संदर्भात तपासला पाहिजे. २०१९ मध्ये मुंबईत विज्ञान संस्था, एल्फिन्स्टन, सिडनहॅम आणि माध्यमिक अध्यापक महाविद्यालय या सरकारी संस्था एकत्र करून डॉ. होमी भाभा राज्य विद्यापीठ स्थापन करण्यात आले. एल्फिन्स्टन म्हणजे जेथे आंबेडकर शिकले आणि सिडनहॅम म्हणजे जेथे १९१८ ते १९२० या काळात त्यांनी अध्यापन केले. २०२१ मध्ये साताऱ्याला रयत शिक्षण संस्थेची तीन महाविद्यालये एकत्र करून कर्मवीर भाऊराव पाटील विद्यापीठ झाले. या संस्थांची परंपरा थोर आहे आणि तेथील शिक्षकांच्या श्रमांविषयी आदरच बाळगला पाहिजे. परंतु चळवळीने विचारायचा प्रश्न वेगळा आहे. परंपरेने समृद्ध, शहरातील आणि आधीच नावाजलेल्या संस्था एकेक करून वेगळ्या काढल्या, तर मूळ विद्यापीठात उरतात ती दूरची, विनाअनुदानित आणि दुर्बळ महाविद्यालये. त्यांच्या गुणवत्तेला आधार कोणी द्यायचा? रयत शिक्षण संस्था १९१९ मध्ये बहुजनांच्या मुलांना शिक्षणाच्या मुख्य प्रवाहात आणण्यासाठी स्थापन झाली. तिच्या वारशाचे मोजमाप एकाच कसोटीवर होईल: खेड्यातून येणाऱ्या, कमवा व शिका योजनेत राबणाऱ्या विद्यार्थ्याचा या नव्या रचनेत टिकाव लागतो की नाही.

दोन्ही घोषणांमागचा एकच हिशोब

लहानपणाची घोषणा आणि मोठेपणाची घोषणा परस्परविरोधी भासतात. व्यवहारात त्या एकमेकींना पूरक आहेत. जेथे सार्वजनिक खर्च टाळण्यासाठी तुकडे करणे सोयीचे, तेथे स्वायत्ततेच्या नावाने तुकडे केले जातात. जेथे जोडणे सोयीचे, तेथे बहुविद्याशाखीयतेच्या नावाने जोडले जाते. दोन्ही वाटा एकाच मुक्कामाला पोहोचतात आणि तो मुक्काम म्हणजे शासनाची जबाबदारीतून सुटका.

याचे पुरावे शोधायला दूर जावे लागत नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर व्हावा, ही शिफारस कोठारी आयोगाने १९६६ मध्ये केली. १९६८ च्या धोरणाने ती स्वीकारली, १९८६ च्या धोरणाने तिचा पुनरुच्चार केला, २०२० च्या धोरणानेही तेच आश्वासन दिले. साठ वर्षांत ते एकदाही पुरे झालेले नाही. उलट २०१७ मध्ये केंद्र सरकार आणि कॅनरा बँक यांनी मिळून उच्च शिक्षण वित्तपुरवठा संस्था स्थापन केली आणि केंद्रीय संस्थांच्या इमारती-प्रयोगशाळांसाठी अनुदानाऐवजी कर्जाची प्रथा रूढ केली. या कर्जाच्या परतफेडीचा वाटा संस्थेने स्वतःच्या उत्पन्नातून उचलायचा. विद्यापीठाचे स्वतःचे उत्पन्न म्हणजे मुख्यतः विद्यार्थ्यांचे शुल्क, हे उघड आहे. म्हणजे इमारत सरकारच्या नावाची आणि हप्ता विद्यार्थ्याच्या बापाच्या घामाचा.

२०२३ च्या प्रधानमंत्री उच्चतर शिक्षा अभियानात देशातील ३५ राज्य विद्यापीठांना प्रत्येकी १०० कोटी रुपये देण्याची योजना आखली गेली. निवडक थोड्यांना भरघोस आणि उरलेल्या शेकडोंना नाममात्र, ही तिची रीत. स्पर्धेत जिंकणाऱ्याला खाऊ आणि हरणाऱ्याला उपदेश, असा हा न्याय आहे. आधीच दुर्बळ असलेले लहान विद्यापीठ अशा स्पर्धेत कोठे राहणार?

महाराष्ट्रात खासगीकरणाचा पाया १९८३ मध्येच घातला गेला, जेव्हा राज्य सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दरवाजे खुले केले. त्यानंतर कला, वाणिज्य, विज्ञान शाखांतही विनाअनुदानित तुकड्या वाढत गेल्या. शिक्षकांची हजारो पदे रिक्त ठेवून तासिका तत्त्वावर नेमणुका करण्यात आल्या. वर्षातील काही महिने काम, सुटीत पगार नाही, पुढील वर्षी नेमणूक होईल की नाही याची शाश्वती नाही, अशा अवस्थेत उच्चविद्याविभूषित तरुण-तरुणी राबत आहेत. हे बौद्धिक क्षेत्रातील कंत्राटी मजूरच होत. विद्यापीठ लहान असो वा मोठे, वर्गात उभा असलेला शिक्षक तासावर मोलाने बांधलेला असेल तर आकाराच्या चर्चेला काय अर्थ उरतो?

आणि ज्यांनी हे प्रश्न विचारावेत त्यांची तोंडे आधीच बंद करण्यात आली आहेत. महाराष्ट्रात १९९४ च्या कायद्याने विद्यार्थी प्रतिनिधींच्या निवडणुका मोडीत काढून गुणांच्या आधारे नेमणुका आणल्या. २०१६ च्या कायद्यात निवडणुकांची तरतूद झाली. २०१९ मध्ये जाहीर झालेल्या त्या निवडणुका पुढे ढकलण्यात आल्या. गुजरातेत २०२३ च्या सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने अनेक राज्य विद्यापीठांना एकाच साच्यात बसवून सिनेट आणि सिंडिकेट यांची परंपरा संपवली. त्यात बडोद्याचे सयाजीराव विद्यापीठही आले. सॅडलर आयोगाला अभिप्रेत असलेल्या रचनेचे, नावाजलेले असे हे विद्यापीठ. पण त्याचा मोठेपणा किंवा लौकिक त्याची लोकशाही वाचवू शकला नाही.

प्रवेश घेणाऱ्याने काय पाहावे?

तरीही धोरण बदलेपर्यंत विद्यार्थ्याला थांबता येत नाही. जून-जुलैमध्ये त्याला निर्णय घ्यावाच लागतो. अशा वेळी पक्षाच्या कार्यकर्त्यांकडे वस्तीतील पालक सल्ला मागतात आणि त्यांना तात्त्विक व्याख्यान देऊन परत पाठवणे योग्य नव्हे.

पहिली गोष्ट म्हणजे नावाच्या दबदब्याला भुलू नये. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्यानुसार केंद्रीय अथवा राज्याच्या कायद्याने स्थापन झालेल्या प्रत्येक विद्यापीठाला पदवी देण्याचा अधिकार आहे. लोकसेवा आयोगाच्या परीक्षेला बसण्यासाठी लहान विद्यापीठाची पदवी आणि मोठ्या विद्यापीठाची पदवी यांत कायदा भेद करत नाही. आपले विद्यापीठ खालचे, ही न्यूनगंडाची भावना बाजाराने निर्माण केली आहे.

दुसरी गोष्ट, विद्यापीठाची नव्हे तर विभागाची चौकशी करावी. ज्या विषयात शिकायचे त्या विभागात कायमस्वरूपी शिक्षक किती, तासिका तत्त्वावरील किती. अभ्यासक्रम अनुदानित आहे की स्वयंअर्थसहाय्यित. ग्रंथालय संध्याकाळी किती वाजेपर्यंत उघडे असते. प्रयोगशाळेत विद्यार्थ्याला स्वतःच्या हाताने प्रयोग करायला मिळतो काय, हे तेथे शिकणाऱ्यांनाच विचारावे. नामांकित मोठ्या विद्यापीठातील एखादा विभाग एकाही कायम शिक्षकाविना चालत असू शकतो आणि लहान विद्यापीठातील एखाद्या विभागात तीन-चार निष्ठावान प्राध्यापक पिढ्या घडवत असू शकतात.

तिसरी गोष्ट, खर्चाचा संपूर्ण हिशोब मांडावा. शुल्क हा खर्चाचा एक भाग आहे. कष्टकरी कुटुंबाला खरा फटका बसतो तो खोलीचे भाडे, खाणावळ आणि प्रवास यांचा. महाराष्ट्रात २०२४ पासून आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांतील ठराविक प्रवर्गांच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शुल्क माफ झाले, ही चळवळींच्या दीर्घ मागणीला मिळालेली मर्यादित दाद आहे. परंतु शुल्कमाफीने पुण्यातील खोलीचे भाडे भागत नाही. सिरोंच्याहून नागपूर तीनशे किलोमीटरांहून दूर आहे. गडचिरोली-चंद्रपूरसाठी २०११ मध्ये गोंडवाना विद्यापीठ झाले नसते, तर त्या भागातील किती मुली पदव्युत्तर वर्गापर्यंत पोहोचू शकल्या असत्या? ज्या घरात मुलीला बाहेरगावी ठेवण्याची ऐपत नाही किंवा तशी परवानगी नाही, त्या घरासाठी जवळचे लहान विद्यापीठ हेच एकमेव विद्यापीठ असते. त्याला कमी लेखणे हा शहरी मध्यमवर्गाचा अहंकार आहे.

चौथी गोष्ट, मोठ्या विद्यापीठाचे खरे बळ ओळखावे. पुणे, मुंबई, हैदराबाद, दिल्ली येथील मोठ्या आवारांत दुर्मिळ विषय शिकता येतात, विपुल ग्रंथसंग्रह मिळतो, निरनिराळ्या प्रांतांतील आणि जातींतील विद्यार्थी एकत्र येतात आणि संघटित विद्यार्थी चळवळीशी गाठ पडते. ज्या विद्यार्थ्याला वसतिगृहात जागा आणि शिष्यवृत्ती मिळत असेल, त्याने घराच्या ओढीने ही संधी दवडू नये. मात्र वसतिगृहाची जागा हाती येण्यापूर्वी केवळ विद्यापीठाच्या नावासाठी सावकाराच्या दारी जाऊ नये. पहिल्या वर्षी कर्ज, दुसऱ्या वर्षी अर्धवेळ नोकरी आणि तिसऱ्या वर्षी गळती, ही साखळी कार्यकर्त्यांच्या परिचयाची आहे.

चळवळीपुढील कार्य

या चर्चेतून काही निष्कर्ष निघतात आणि ते जनवादी चळवळीला मार्गदर्शक ठरावेत.

आमच्या जिल्ह्याला विद्यापीठ हवे, ही मागणी न्याय्य आहे. मागास भागांनी ती लढून मिळवली आहे. परंतु पुष्कळ ठिकाणी फलक लागला, स्थानिक पुढाऱ्याचा सत्कार झाला, कंत्राटदाराला काम मिळाले आणि आंदोलन विसर्जित झाले. पदनिर्मितीचा शासकीय आदेश, वसतिगृहांची संख्या, आवर्ती अनुदानाची तरतूद यांवर लढा पुढे गेला नाही. ज्या विद्यापीठाला फलकाखेरीज काही मिळालेले नसते, ते बंद करणे पुढच्या सरकारला अतिशय सोपे जाते, हा कर्नाटकाचा धडा आहे. म्हणून विद्यापीठाची मागणी ही नेहमी पदे, वसतिगृहे आणि निधी यांच्यासकट एकत्र मांडली गेली पाहिजे.

तसेच कोणतेही सार्वजनिक विद्यापीठ वा महाविद्यालय विद्यार्थिसंख्येच्या कारणावरून बंद अथवा विलीन करण्यास ठाम विरोध केला पाहिजे. विद्यार्थी कमी असतील तर ते का कमी आहेत, याचा शोध घ्यावा लागेल. बस नाही म्हणून? शिक्षक नाहीत म्हणून? शेजारी खासगी विद्यापीठाला परवानगी दिली म्हणून? २०२१-२२ च्या सर्वेक्षणानुसार देशात उच्च शिक्षण घेणाऱ्यांची संख्या ४ कोटी ३३ लाख होती आणि त्या वयोगटातील प्रवेशाचे प्रमाण २८.४ टक्के होते. म्हणजे दर शंभरांत सत्तरांहून अधिक तरुण अद्याप दाराबाहेर आहेत. इतका मोठा समुदाय बाहेर उभा असताना विद्यार्थी मिळत नाहीत म्हणून दार बंद करणे, हा निव्वळ निर्लज्जपणा आहे.

त्याचबरोबर मोठ्या विद्यापीठांचे रूपांतर झाले पाहिजे. उपकेंद्रांना खरे अधिकार आणि अध्यापन विभाग द्यावेत, परीक्षांचे विकेंद्रीकरण करावे, पदवीचे समान मूल्य मात्र अबाधित ठेवावे. प्राध्यापक, शिक्षकेतर कर्मचारी आणि विद्यार्थी यांच्या निर्वाचित प्रतिनिधींचे बहुमत असलेली मंडळे असावीत. रिक्त पदे कायमस्वरूपी भरावीत आणि तासिका तत्त्व हद्दपार करावे.

बीदरच्या शेतमजुराला, सोलापूरच्या यंत्रमाग कामगाराला, गडचिरोलीच्या तेंदूपाने गोळा करणाऱ्या आदिवासीला, इंदूरच्या आणि बडोद्याच्या मराठी भाषक कामगाराला लहान की मोठे ही निवड सरकारने देऊ केलेली कृपा नाही. त्यांच्या करांतून आणि त्यांच्या श्रमांतून ही विद्यापीठे उभी राहिली आहेत. जवळ चांगले विद्यापीठ असणे हा त्यांचा हक्क आहे आणि दूरच्या चांगल्या विद्यापीठात वसतिगृहासह प्रवेश मिळणे हाही त्यांचाच हक्क आहे. दोहोंतील एक हक्क सोडल्यास दुसरा मिळेल, असे भासवणाऱ्या सरकारी धोरणाचा कावा कार्यकर्त्यांनी गावोगावी, वस्तीवस्तीत आणि महाविद्यालयांच्या दारांत उघडा पाडला पाहिजे. विद्यार्थी, शिक्षक आणि कष्टकरी पालक यांची एकजूट उभी राहिली, तरच विद्यापीठांचा आकार तिजोरीच्या सोयीने ठरण्याऐवजी जनतेच्या गरजेने ठरेल.